पाच माणसांचा लोड

मीटरकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, आणि काकांनाही त्याची फारशी गरज पडत नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी वीज कंपनीच्या टेस्टिंगच्या खोलीत मीटर तपासले होते. लोकांच्या घरातून उतरवून आणलेला मीटर टेबलावर मांडायचा, त्याला ठरावीक लोड, म्हणजे विजेचा भार, लावायचा, घड्याळ हातात धरायचं आणि चकती किती वेळात किती फेरे घेते ते मोजायचं. हळू फिरली तर गिऱ्हाईक चोर, जोरात फिरली तर कंपनी चोर. छत्तीस वर्षांत त्यांनी दोघांनाही सोडलं नाही, त्यामुळे बढतीही मिळाली नाही.

अशा माणसाच्या घरात दिवा उगाच जळेल कसा? बायको होती तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा अवकाश, हे मागून जाऊन बटण बंद करून यायचे. "अहो, मी परत आत जातेय!" ती ओरडायची. "मग परत लाव," हे म्हणायचे. मुलगा तर अंधारात ठेचा खातच लहानाचा मोठा झाला. आता बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या शहरात गेला त्याला बारा, आणि दोन मजल्यांच्या त्या घरात मागून जाऊन बंद करावं असं एकही बटण कुणी चालू ठेवून जात नव्हतं. महिन्याचं बिल यायचं अठ्ठावन्न युनिटचं. नोकरीत असते तर एवढ्या घराचं एवढं कमी बिल बघून काकांनी मीटर तपासायला मागवला असता. पण मीटर बरोबर होता.

गेल्या सुट्टीत मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं सहा दिवस राहून गेली. सहापैकी दोन संध्याकाळी लाइट गेली. सून वहीच्या पुठ्ठ्याने धाकटीला वारा घालत बसली. नातू घामाने निथळत "आपण घरी कधी जायचं?" असं दर पाच मिनिटांनी विचारत होता. मुलं घरीच आलीत अशी काकांची आपली समजूत होती. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरताना, डिकी लावता लावता मुलगा म्हणाला, "बाबा, लाइटचं तेवढं काहीतरी बघा. लाइट धड असती ना, तर आम्ही अख्खी सुट्टी राहिलो असतो. माझं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं. पुढेमागे इकडेच येता येईल."

गाडी कोपऱ्यावर वळली तरी काका फाटकाशी उभे होते. पुढेमागे इकडेच येता येईल. बायको गेल्यानंतर इतकं चांगलं वाक्य त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी ते पाठच करून टाकलं.

आठवड्याभरात त्यांचं ठरलं. छतावर सोलर बसवायचं. तेही असं, की बाहेर सगळी गल्ली अंधारात असली तरी वरच्या खोलीतला एसी आणि मुलांच्या खोलीतले पंखे रात्रभर चालले पाहिजेत. पहिल्याच रात्री दगा दिला तर नातू पुन्हा म्हणणार, घरी कधी जायचं. म्हणून माल अस्सल हवा, आणि बसवणारा माणूस त्याहून अस्सल.

पहिला आला तो टायवाला. त्याच्याकडे गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती आणि तिच्यात हसणारी कुटुंबं. "काका, काही काळजीच करू नका, छत भरून टाकू!" तो सोफ्यावर बसूनच म्हणाला. छत त्याने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

"या पॅनलची ताकद किती अंश उष्णतेला मोजलीय?" काकांनी विचारलं.

"काका, टॉप कंपनी आहे."

"ते झालं. माझं छत दुपारी तव्यासारखं तापतं. तापलं की पॅनल कमी वीज देतं. किती कमी देतं?"

टायवाला पुस्तिका चाळायला लागला. हसणाऱ्या कुटुंबांनी त्याला काही मदत केली नाही. जाताना त्याने पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचं आमिष दाखवलं. काका तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. "म्हणजे पॅनल बिघडलं तर तक्रार करायला मी वरून येऊ का खाली?" त्यांनी विचारलं.

दुसरा आला तो ओळखीतल्या कुणाचा तरी ओळखीतला. तो नमुन्याला एक पॅनल टेम्पोत घालूनच घेऊन आला. स्वस्त आणि मस्त, असं म्हणाला. काकांनी ते उलटं केलं, मागची चिठ्ठी पाहिली आणि तिच्या कोपऱ्यात नख घातलं. चिठ्ठी अलगद निघाली. खाली दुसरी चिठ्ठी होती, दुसऱ्याच कंपनीची आणि कमी ताकदीची. "हे जुळं आहे का?" काका म्हणाले. तो माणूस पॅनल घेऊन गेला, चहासुद्धा न पिता.

तिसरी आली ती सोलरवाली. तिशी-बत्तिशीची, केस घट्ट बांधलेले, पायात जाड तळाचे बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी. पुस्तिका नाही, काही नाही. आल्या आल्या ती सरळ छतावर गेली. सकाळी नऊला आली होती. "दुपारी बाराला परत येते, आणि चारला," म्हणाली. कशाला? तर पाण्याच्या टाकीची सावली कुठून कुठे सरकते ते बघायला. एका पॅनलवर हातभर सावली पडली तर ती त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांनाही मागे ओढते, हे तिने काकांना समजावून सांगितलं. काकांना ते ठाऊक होतं, पण ते मुद्दाम ऐकत राहिले. मग खाली येऊन तिने विचारलं, "अर्थिंग कुठे आहे?"

इतक्या जणांमध्ये अर्थिंग विचारणारं पहिलंच माणूस. काकांनी तिच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली.

बॅटरीबद्दलही ती सरळ बोलली. ज्यात पाणी घालावं लागतं ती जड बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निगा राखावी लागते आणि चारपाच वर्षांत ती मान टाकते. लिथियमची महाग, पण दहा वर्षं बघावं लागत नाही. इन्व्हर्टर असा हवा की पाण्याची मोटर सुरू होताना जो झटका बसतो तो त्याने झेलला पाहिजे. "पण काका, हे सगळं नंतर," ती म्हणाली. "आधी तुमची बारा महिन्यांची बिलं दाखवा."

काकांनी फाइल काढून दिली. तिने पानं उलटली. अठ्ठावन्न, एकसष्ट, छप्पन, अठ्ठावन्न.

"तुम्हाला एक किलोवॉट आणि एक लहान बॅटरी पुष्कळ झाली," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय ते तीन किलोवॉट आणि दोन मोठ्या बॅटऱ्या कशाला?"

"मुलगा येणार आहे. कुटुंब घेऊन. पाच माणसं होऊ आम्ही."

"मग येऊ देत ना. चार महिने राहिले की बिल दिसेल, त्यावरून ठरवू. तसंही वीज कंपनीची मंजुरी बिलावरच मिळते. मागच्या बिलात जेवढी वीज, त्या मानानेच सिस्टीम. मी उगाच मोठी विकून जाऊ शकते, पण मग तुमची बॅटरी नुसती भरून बसेल आणि कुणी वापरणारच नाही."

दुसरं कुणी असतं तर टायवाल्याला परत बोलावलं असतं. पण काकांना माणसाची पारख होती. बसवायचं तर हिच्याकडूनच. आणि हिला बिल दाखवल्याशिवाय ही हलणार नाही. आता गंमत बघा. सिस्टीम नाही म्हणून मुलगा येत नाही, आणि मुलगा येत नाही म्हणून सिस्टीम मिळत नाही. काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीचं कोरं पान घेतलं, पट्टीने रेघा मारल्या आणि पाच माणसांचं घर कागदावर मांडलं.

सहा वाजता मुलाच्या बाथरूममधला गिझर चालू, सहा वीसला बंद. साडेसहाला नातवंडांच्या खोलीतला दिवा. नऊ ते एक मुलाच्या खोलीतला पंखा आणि टेबलावरचा दिवा, कारण तो तिथे बसून लॅपटॉपवर काम करणार. दुपारी दोन ते चार एसी, धाकटी झोपणार. पाच ते नऊ वरचे सगळे दिवे, सगळे पंखे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची बटणं बंद केली, तो आता हातात घड्याळ घेऊन रिकाम्या खोल्यांमधली बटणं चालू करत जिने चढू-उतरू लागला. आयुष्यभर युनिट चोरणारे पकडले; युनिट वाढवणारा चोर जगात बहुधा हे पहिलेच.

सुरुवातीला त्यांचा जीव तुटायचा. कुणी नसलेल्या खोलीत पंखा गरगरतोय, हे त्यांना बघवायचं नाही. मग त्यांनी उपाय काढला. फुकट चाललंच आहे तर निदान वारा तरी खावा, म्हणून ते संध्याकाळी नातवंडांच्या खोलीत जाऊन बसायचे. नातवाच्या पलंगावर बसायला अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून खाली जमिनीवर. वर पंखा, भोवती लख्ख उजेड, आणि जिन्याच्या तोंडाशी लावलेला दिवा. खालून कुणी पाहिलं असतं तर घर भरलेलं दिसलं असतं. काका आत बसलेले असूनही कधीकधी त्यांना तसंच वाटायचं. आणि मग नऊ वाजायचे, एकेक बटण बंद करत खाली यावं लागायचं. ते खाली येणं त्यांना रोज जड जायचं.

खालून पाहणारं माणूस मात्र होतं. समोरच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाईताईंचं मशीन होतं, थेट खिडकीशी. काकांपेक्षा चारपाच वर्षांनी लहान, एकट्याच. दिवसभर खाली मान घालून शिवायच्या, आणि दोरा संपला की मान वर करून गल्ली बघायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी काका दूध घेऊन येत होते तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"भाऊ, वरती उजेड दिसतो हल्ली. आले वाटतं सगळे?"

काकांना 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हो. आलेत."

"अगंबाई! मग आता सुट्टीभर मुक्काम?"

"कायमचेच आलेत बहुतेक," काका म्हणाले आणि पिशवी सावरत पळाल्यासारखे घरात शिरले. बहात्तराव्या वर्षी थाप मारायला शिकणं काही सोपं नसतं.

पण एकदा म्हटलं ते म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिलाईताईंनी विचारलं, "धाकटी काय करतेय?" काका म्हणाले, "चित्रं काढतेय. सगळ्या घरांना सहा-सहा खिडक्या काढते. मी म्हटलं, अगं एवढ्या खिडक्यांचे पडदे कोण शिवणार? तर म्हणते, समोरच्या आजी." शिलाईताई हसल्या. तिसऱ्या दिवशी नातवाची चौकशी झाली. तो बापाच्या वळणावर गेलाय, दहा वाजेपर्यंत लोळतो, असं काकांनी सांगितलं. चौथ्या दिवशी सुनेची. ती फार गुणी, पण दिवे बंद करायला विसरते, असंही सांगितलं. हळूहळू काका सकाळी दूध आणायला निघण्याआधीच काय सांगायचं ते ठरवून ठेवायला लागले. शिलाईताई मशीन थांबवून ऐकायच्या. "मुलं खाली खेळायला दिसत नाहीत ती?" असं एकदा त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी सगळा दोष मोबाइलवर घातला. मोबाइलने बिचाऱ्याने तो निमूट घेतला.

तिसऱ्या महिन्याचं बिल आलं. दोनशे एक्केचाळीस युनिट. काकांनी ते दोनदा वाचलं, आणि सोलरवालीला फोन केला.

ती आली, बिल पाहिलं, "वा," म्हणाली. मग पिशवीतून एक लहानशी डबी काढली आणि मुख्य तारेवर चिमट्यासारखी बसवली. आठ दिवस ही मिनिटामिनिटाला किती वीज जाते ते लिहून ठेवेल, मग बॅटरीचं माप बरोबर काढता येईल, असं तिने सांगितलं. काकांना यात गैर काही दिसलं नाही. उलट त्यांनी त्या आठ दिवसांत वेळापत्रक अधिकच काटेकोर पाळलं. एक दिवस तर जिन्यात पाय मुरगळला, तरी सहाचा गिझर चुकवला नाही.

नवव्या दिवशी सोलरवालीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. पडद्यावर आठ दिवसांच्या आठ रेघा एकाखाली एक होत्या. तिने लॅपटॉप काकांकडे वळवला.

काकांनी पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. छत्तीस वर्षं ते असल्याच गोष्टी बघत आले होते. आठही रेघा तंतोतंत सारख्या होत्या. सहाला उभी चढण, सहा वीसला उभा उतार. नऊला पायरी, एकला पायरी. रविवारीसुद्धा. एका मिनिटाचा फरक नाही.

"काका, माझ्या घरी चार माणसं आहेत," सोलरवाली हळूच म्हणाली. "आमच्याकडे कधी गिझर चालूच राहतो, कधी कुणी आंघोळीलाच कंटाळतं. रविवारी तर विचारूच नका. आणि तुमचा फ्रिज. पाच माणसांच्या घरात त्याचं दार सारखं उघडतं, मोटर सारखी लागते. तुमच्या फ्रिजची मोटर दिवसरात्र ठरावीक अंतरानेच लागते, जणू दार कुणी उघडतच नाही."

काका रेघांकडेच बघत होते. त्यांना लाज वाटली. आणि गंमत म्हणजे खोटं बोलल्यापेक्षाही खोटं इतकं कच्चं केल्याची जास्त वाटली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर घड्याळ बघितलंच नसतं, कधी पाच मिनिटं लवकर, कधी विसरलं, आणि ते खरं वाटलं असतं. त्यांच्या हातून मात्र खोटंसुद्धा वेळेवर झालं होतं.

"कुणी आलेलं नाही," ते म्हणाले. "पण येणार आहेत. लाइटची सोय झाली की येतो म्हणालाय तो. गाडीपाशी उभा राहून म्हणाला. म्हणून तर चाललंय हे सगळं."

सोलरवालीने लॅपटॉप मिटला. "मग एकदा त्याला विचारून घ्या," ती म्हणाली. "तो हो म्हणाला तर मी तीन किलोवॉटचंच बसवीन, मंजुरीसाठी लागेल तेवढी खटपट करीन. दहा वर्षांची बॅटरी घ्यायची, तर ती कुणासाठी घेतोय ते तरी माहीत असू दे."

रविवारी सकाळी अकराला काकांनी फोन लावला. दोन वेळा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे गर्दीचा आवाज होता.

"हां बाबा, बोला. दुकानात आहोत जरा. सगळं ठीक ना?"

"ठीक. ते सोलरचं विचारायचं होतं. तीन किलोवॉटचं घेतोय, दोन मोठ्या बॅटऱ्या. वरचा एसी रात्रभर चालेल. म्हटलं, तुम्ही कधीपर्यंत येताय त्या हिशेबाने काम सुरू करायला सांगतो."

"कुठे येतोय?"

"इकडे. तू म्हणाला नव्हतास का, लाइट धड झाली की पुढेमागे इकडेच येता येईल."

पलीकडे मुलगा कुणाला तरी म्हणाला, "तो नको, निळा घे." मग फोनमध्ये म्हणाला, "मी? असं म्हणालो होतो?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधी म्हणालो, बाबा?"

"निघताना. डिकी लावताना."

"असेन म्हणालो. निघताना माणूस काहीतरी बोलतोच ना. बाबा, मुलांच्या शाळा इथे, तिची नोकरी इथे. आता कसलं येणं? आणि एवढी मोठी सिस्टीम घेऊ नका हं उगाच, एकट्यासाठी. तुम्हीच या ना इकडे आठ-दहा दिवस. खरंच या."

"येईन," काका म्हणाले. "निळा चांगला आहे. तोच घ्या."

काय निळं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला. मुलगा येणार नाही याचं त्यांना तितकंसं वाटलं नाही; मनाच्या तळाशी ते कुठेतरी ठाऊक होतंच. पण तो ते वाक्य विसरला होता. पाच महिने काका ज्या वाक्यावर जगले, ते म्हणणाऱ्याच्या डिकी बंद होईपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नव्हतं. त्यांना एकदम खूप एकटं वाटलं. बायको गेली त्या दिवशी घरात निदान माणसं तरी होती.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी सहाला काका उठले, वर गेले आणि गिझर चालू केला. दिवा लाल झाल्यावर त्यांना आठवलं. बटण बंद करायला हात उचलेना. शेवटी त्यांनी त्या पाण्याने तिथेच आंघोळ केली, मुलाच्या बाथरूममध्ये, कोपऱ्यात अजून पडून असलेल्या त्याच्या जुन्या साबणाच्या तुकड्याने.

सोलरवाली नवीन कागद घेऊन आली. तिने काही विचारलं नाही, काकांनीच सांगितलं, "एक किलोवॉट. एक लहान बॅटरी. माणसं एक." तिने लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "काका, इन्व्हर्टर एक नंबर मोठा घेऊन ठेवू या का? पुढे कधी लागलं तर नुसती पॅनल आणि बॅटरी वाढवता येतील. बरेच जण तसं करतात."

"आत्ताच्या लोडला लहान कमी पडेल का? तापेल का?"

"नाही. लहान अगदी व्यवस्थित चालेल."

"मोटरचा झटका?"

"झेलेल. मी स्वतः तपासून देईन."

"मग लहानच. उगाच मोकळी जागा ठेवून रोज तिच्याकडे बघत बसायला लावू नका मला."

तिने लहानाचा नंबर लिहिला.

काम दीड दिवसात झालं. टाकीची सावली चुकवून दोन पॅनल बसली, त्यांच्या चिठ्ठ्यांवरून काकांनी नख फिरवून बघितलं, एकही निघाली नाही. बॅटरी कधी बनली ते वाचलं, सहा आठवड्यांपूर्वी. अर्थिंग नवीन केलं. सोलरवालीने मेन स्विच पाडून घर पॅनलवर आणि बॅटरीवर चालवून दाखवलं. खालच्या खोलीतला पंखा जराही न अडखळता फिरत राहिला. असं नेटकं काम काकांनी नोकरीतही क्वचितच पाहिलं होतं. निघताना ती म्हणाली, "काही लागलं तर फोन करा हं, काका." काकांना वाटलं, काही लागायला सिस्टीम बिघडायला हवी, आणि हिने बसवलेली बिघडायची नाही.

त्या संध्याकाळी पाच वाजले तरी वरचे दिवे लागले नाहीत. काका खालीच बसून होते. आता एकच काम राहिलं होतं, आणि ते सोलरपेक्षा अवघड होतं. शिलाईताई उद्या विचारणार. 'गेले परत' म्हटलं की मिटलं असतं, कुणाला काय पत्ता? पण गेले म्हणायचं तर आले होते हे पुन्हा एकदा म्हणावं लागणार. काकांना आता ते जमणार नव्हतं.

सकाळी त्यांनी एक शर्ट शोधला, त्याचं वरचं बटण हाताने ओढून तोडलं आणि तो घेऊन समोर गेले. शिलाईताईंनी मशीन थांबवलं, शर्ट हातात घेतला.

"एवढंच ना? बसा, आत्ता लावून देते."

काका उभेच राहिले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

"ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "कुणी आलं नव्हतं. मुलगा नाही, सून नाही, मुलं नाहीत. वरचे दिवे मीच लावत होतो."

शिलाईताईंनी सुईत दोरा ओवला. त्यांना तो पहिल्या झटक्यात ओवता आला.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. पाच माणसांचं घर, आणि गच्चीतल्या दोरीवर रोज एक शर्ट आणि एक पायजमा. कपड्यांवर पोट आहे माझं, भाऊ. एवढं नाही का कळणार?"

तीन महिने रोज सकाळी ते या खिडकीशी उभे राहून धाकटीच्या, नातवाच्या गोष्टी सांगत होते.

"मग रोज विचारत का होतात?"

शिलाईताई खाली मान घालून बटण लावत होत्या. शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला, आणि शर्टाची घडी करता करता म्हणाल्या, "माझ्या घरी तर दिवे लावून दाखवायलाही कुणी नाही हो. तुम्ही सांगायचात, तेव्हा मलाही वाटायचं, समोर मुलं आहेत."